चिठ्ठीत ज्याचं नाव

नाशिक आणि पुस्तकं यांचं नातं जुनं आहे. आमचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली तीही इथल्याच तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये. त्या पुस्तकाची मांडणी आठवून पाहा. रोज रात्री श्याम सांगतो आणि भोवतीची मंडळी ऐकतात. आपल्याकडे वाचनही असंच चालायचं. चातुर्मासात एकजण पोथी वाचायचा, सगळी आळी ऐकायची. अक्षरओळख नसलेल्याच्या वाट्यालाही ‘हरिविजय’ येत असे.

पुढे शाळा वाढल्या, घरोघरी मुलं वाचू लागली. फार मोठं काम झालं ते. पण वाचन ज्याचं त्याचं झालं. शेजारच्याला वाचता येतं की नाही, याच्याशी आपलं देणंघेणं उरलं नाही.

वाचन स्पर्धेत हे लगेच दिसतं. तीन-चार हुशार मुलं खणखणीत वाचतात, बक्षिसं नेतात, बाकीचा वर्ग टाळ्या वाजवतो. ज्याला वाचनाची खरी गरज, तो स्पर्धेत नसतोच.

म्हणून नव्वदच्या दशकात आम्ही शाळेत तिसरी-चौथीसाठी गटांची स्पर्धा सुरू केली. गट चौघांचा, आणि तो शिक्षकांनी पाडायचा. एक चांगला वाचणारा, दोन मधले, एक अडखळणारा. पंधरा दिवसांसाठी प्रत्येक गटाला चार पुस्तकं किंवा ‘किशोर’चे जुने अंक. (बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं.) वाचणार कोण, हे आयत्या वेळी चिठ्ठी काढून ठरायचं. एकाने उतारा वाचायचा, उरलेल्या तिघांनी प्रश्नांची उत्तरं द्यायची. वेगाला गुण नाहीत.

पहिल्या वर्षी बरीच कुरकुर झाली. एका गटाने तर आपल्यातल्या कच्च्या गड्याला बजावलं, “तू त्या दिवशी येऊच नकोस.” ते कानावर आल्यावर नियम केला, चौघे हजर असतील तरच गट धरला जाईल. मग मधल्या सुट्टीत डबे लवकर संपू लागले. चिंचेखाली जोडाक्षरांची शिकवणी सुरू झाली, आणि शिकवणारे मास्तर नऊ वर्षांचे!

नेमकी त्याच मुलाची चिठ्ठी निघाली. सहा ओळींना त्याला चार मिनिटं लागली. तिघे मुठी आवळून बसले होते, पण एकानेही मध्ये शब्द सांगितला नाही. गटाचा नंबर तिसरा आला. तो मुलगा मात्र पुढे आपणहून पुस्तक मागायला कपाटाशी येऊ लागला.

हा प्रश्न आजही संपलेला नाही. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी पाचवीची मुलं २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती. करोनानंतर २०२२ मध्ये ती ४२.८ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्के झाली. म्हणजे निम्मा वर्ग अजून टाळ्याच वाजवतो आहे.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ने २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत नेल्या. पुस्तक दारी येणं ही अर्धी वाट झाली. उरलेली अर्धी सोबत्याचं बोट धरून चालावी लागते.

२०१५ पासून १५ ऑक्टोबरला शाळाशाळांतून वाचन प्रेरणा दिन होतो. शिक्षक मित्रहो, यंदा त्या दिवशी चिठ्ठ्या टाकून पाहा. सगळ्या वर्गाच्या नावांच्या.