नकाशा जुना, पाणी आजचे : कोतूळच्या पुलाची गोष्ट

१/८
जानेवारी २०२१. कळसूबाईकडे निघालेल्या पुण्याच्या तिघांची गाडी मध्यरात्रीनंतर अकोले तालुक्यातील कोतूळजवळ आली. मोबाइलवरील नकाशाने दाखवलेल्या रस्त्यावरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे पोहून काठाला लागले, चालक बुडाला.

२/८
धरणाचे पाणी चढले की हा पूल बुडतो आणि ओसरले की उघडा पडतो, हे स्थानिकांना ठाऊक होते. पाऊस संपून महिने लोटले तरी ते ही वाट टाळत. मोबाइलला ऋतू कळत नव्हता.

३/८
जीपीएस नागरिकांना मिळाले तेही एका वाट चुकण्यामुळेच. १ सप्टेंबर १९८३ रोजी मार्ग भरकटलेले कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत संघाने पाडले. २६९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर ही अमेरिकी लष्करी यंत्रणा नागरी वापरासाठी खुली करण्याचे रेगन सरकारने जाहीर केले.

४/८
तरीही नागरी संकेतांत मुद्दाम चूक मिसळली जाई. मे २००० मध्ये ती थांबली आणि अचूकता सुमारे १०० मीटरवरून थेट १०-२० मीटरवर आली. मोटारींतील दिशादर्शनाचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

५/८
मात्र उपग्रह फक्त ‘तुम्ही कुठे आहात’ एवढेच सांगतात. रस्ता येतो नकाशातून. तो रस्ता आज कोरडा आहे का, हे दोघांनाही आपोआप कळत नाही.

६/८
१८०२ मध्ये लॅम्बटनने मद्रासला सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून भारताच्या अचूक नकाशांचा पाया रचला गेला. सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवर पाहणीचे वर्ष छापलेले असते. वाचणाऱ्याला नकाशाचे वय कळते. मोबाइलवरील निळी रेषा आपले वय सांगत नाही.

७/८
जुना प्रवासी म्हणूनच वाटाड्या सोबत घेई. नदीला उतार कुठे आहे आणि आज तो पार करता येईल का, हे वाटाड्याच सांगू शके.

८/८
हा धोका डोंगरापुरता नाही. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला नकाशाच्या भरवशावर निघालेली मोटार खाडीत पडली. चालक महिलेला सागरी सुरक्षा पोलिसांनी वाचवले. अंधेरी-बोरिवली, मुलुंड-घाटकोपरहून शनिवारी रात्री सह्याद्रीकडे निघणाऱ्यांनी एवढे करावे : धरणाकाठचा अनोळखी रस्ता शक्यतो उजेडी गाठावा. तो पाण्यात उतरताना दिसला, तर गाडी थांबवून मागच्या वस्तीत विचारावे. वाटाड्या अजूनही तिथेच राहतो.