कोंगसी, टोंग आणि वक्फ-अलल-औलाद

पेनांगच्या चिनी व्यापाऱ्यांत ‘कोंगसी’ हा एकच शब्द दोन गोष्टींना चालत असे. भागीदारीच्या धंद्यालाही कोंगसी आणि एका आडनावाच्या भाऊबंदांनी बांधलेल्या वाड्यालाही कोंगसी. खू घराण्याचा असा वाडा तेथे आजही पाहायला मिळतो. दुकानाच्या पाटीवर मालकाचे नाव नसे, एखादे शुभनाम असे. धंद्यातला वाटा पुष्कळदा ‘टोंग’च्या नावे असायचा. टोंग म्हणजे घराण्याची सामाईक थैली म्हणा. माणसे मरत, टोंग मरत नसे. घरभाड्यातून पितरांची पूजा व्हायची, उरलेले मुलानातवंडांकडे जायचे.

1807 च्या सनदेने पेनांगात इंग्रजी न्यायालय आले. त्याने विचारले, मालक कोण? कर्ज बुडाले तर दावा कोणावर? प्रश्न गैर नव्हता. उधार देणाऱ्याला कोणाचे दार ठोठावायचे हे कळलेच पाहिजे. पण खरी अडचण पुढेच होती.

एका चिनी बाईने मृत्युपत्रात आपल्या व पतीच्या नावे होणाऱ्या धर्मविधीसाठी एक घर राखून ठेवले. वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. यीप चिआ निओ विरुद्ध ओंग चेंग निओ, 1875. निकाल असा की, स्थानिक लोकांच्या धर्माचा व चालीरीतींचा विचार करू. पण मालमत्ता कायमची बांधून ठेवणे सार्वजनिक हिताविरुद्ध आहे आणि हा नियम पेनांगलाही लागू आहे. धर्मादाय म्हणावे, तर लाभ फक्त कुटुंबाचा. घराची तरतूद रद्द झाली.

आपल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. 1894 साली त्याच प्रिव्ही कौन्सिलने बंगालच्या अबुल फता खटल्यात वक्फ-अलल-औलाद रद्द ठरवला. लॉर्ड हॉबहाउस यांच्या मते गरिबांचा हक्क इतका दूर ठेवला होता की तो केवळ देखावा होता. मुद्दा वेगळा, नजर तीच. मुलाबाळांना पोसणे हेही पुण्यकर्म असू शकते, हे त्या नजरेत बसत नव्हते. न्यायमूर्ती अमीर अली यांनी कलकत्त्यात 1892 सालीच हे आग्रहाने मांडले होते. पुढे मुंबईचे बॅरिस्टर जिना यांनी विधेयक आणले आणि 1913 चा कायदा झाला. तो जुन्या वक्फांना लागू नाही असे न्यायालयांनी ठरवल्यावर 1930 साली दुसरा करावा लागला.

पेनांगच्या निकालाची वाट मात्र तिथली न्यायालये पुढेही चालत राहिली. हाँगकाँगलगतचा मुलूख इंग्रजांनी 1898 साली भाडेपट्ट्याने घेतला, तिथे वेगळे घडले. तिथल्या जमिनींना चिनी रिवाज लागू राहिला. 1910 च्या कायद्याने टोंगच्या जमिनीसाठी व्यवस्थापक नोंदवायला लावला, आपल्या मुतवल्लीसारखा. फरक एवढाच की कायद्याने त्याला जणू एकट्या मालकाचे अधिकार दिले, वर सरकारी अधिकाऱ्याची संमती. 1997 साली इंग्रज गेले, ती तरतूद राहिली. भाऊबंद आता त्या व्यवस्थापकाशी भांडतात.