बोय, शेवाळ आणि कसाऱ्याची वाट

उत्तर कोकणातील मत्स्यव्यवसायाचा इतिहास बहुधा किनाऱ्यावर उभे राहूनच लिहिला जातो. बोंबील, पापलेट, घोळ यांच्या बाबतीत ते स्वाभाविकही आहे. बोय या माशाचे मात्र तसे नाही. समुद्रात जन्म, खाडीत वाढ आणि शेवाळावर निर्वाह अशी त्याची जीवनरीती असल्यामुळे खाडीला मिळणाऱ्या नद्यांचा, आणि पर्यायाने त्या नद्यांच्या उगमाकडील मुलखाचा, विचार केल्यावाचून त्याचा मनुष्याशी असलेला संबंध नीट उलगडत नाही. ठाणे जिल्ह्यात हा मुलूख म्हणजे शहापूर व मुरबाड हे दोन तालुके होत. शहापूरची भातसा आणि मुरबाडची काळू या नद्या एकत्र होऊन उल्हासला मिळतात व उल्हासमार्गे खाडीला जातात. थळ घाटाच्या पायथ्याशी वसलेले कसारा हे या पाणलोटाचे वरचे टोक होय.

लिनीअसने १७५८ मध्ये या माशाचे ‘मुगिल सेफालस’ असे शास्त्रीय नामकरण केले. जगातील बहुतेक सर्व उष्ण व समशीतोष्ण किनाऱ्यांवर तो आढळतो. त्याचे दात नावापुरतेच असतात. चिखलावर धरलेला शेवाळाचा थर आणि कुजलेला पाला तो गाळासकट गिळतो. त्याच्या जठराचा एक भाग कोंबडीच्या पोटातील दळणाऱ्या पिशवीसारखा जाड स्नायूंचा असून आतडे शरीराच्या कित्येक पट लांब असते. वनस्पती पचविणाऱ्या प्राण्याला ते असावेच लागते. अशा माशाला गळाच्या आमिषाचे आकर्षण बेताचेच असते. म्हणून त्याच्याशी मनुष्याचा व्यवहार मुख्यतः जाळ्याने झाला. पाग फेकणाऱ्याला भरती-ओहोटीची वेळ, पाण्याचा गढूळपणा आणि जाळ्यावरून उडी मारून निसटण्याची या माशाची खोड, या सर्वांचे भान ठेवावे लागते. ब्राझीलमधील लागुना येथे तर डॉल्फिन बोयांचे थवे किनाऱ्याकडे हाकतात आणि कोळी त्यांच्या इशाऱ्यावर पाग टाकतात. त्याची खारवून वाळविलेली गाभोळी इटली व जपान या दोन्ही देशांत मोलाची गणली जाते. आपल्याकडे ती तव्यावर परतून संपते, हा ज्याच्या त्याच्या रुचीचा प्रश्न आहे.

आमिषाचा उल्लेख आला म्हणून येथे ‘मानसोल्लास’ या ग्रंथाची आठवण होणे अपरिहार्य आहे. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२७–११३८) याच्या या ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे एक प्रकरण असून त्यात माशांचे सागरी व नदीतील, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे वर्ग पाडले आहेत आणि त्यांना चारावयाच्या खाद्याचीही चर्चा केली आहे. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा मत्स्यशास्त्राच्या दृष्टीने परामर्श घेतला. सोमेश्वराची राजधानी कल्याणी ही आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण होय. उल्हासच्या काठचे कल्याण नव्हे. नामसादृश्यामुळे हा घोटाळा अधूनमधून होत असतो. या ग्रंथावरून सिद्ध होते ते एवढेच की, मासा काय खातो याची पद्धतशीर नोंद करण्याची बुद्धी आपल्याकडे बाराव्या शतकात होती. मात्र ती राजाच्या करमणुकीच्या ओघात झाली. ज्यांचे पोट मासळीवर होते त्यांचे ज्ञान ग्रंथात न जाता शब्दांत राहिले.

या शब्दांकडे आता वळले पाहिजे. अमरकोशात जलनीली, शैवाल व शैवल हे पर्याय दिलेले आहेत. मराठीत ‘शेवाळ’ रूढ झाला. विहिरीच्या पायरीवरचे, ओढ्यातील दगडावरचे आणि खाडीच्या चिखलावरचे अशा सर्वांना हा एकच शब्द चालतो. शास्त्रज्ञाला ही ढिलाई वाटेल. पण हिरव्या निसरड्या थरावर मासे चरतात, हे वरच्या ओढ्यात आणि खालच्या खाडीत सारखेच दिसत असल्याने बोलणाऱ्याला दोन शब्दांची गरज भासली नसावी. सह्याद्रीच्या ओढ्यांत दगडावरचे शेवाळ खरवडून खाणारा मासा म्हणजे मळ्या. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन करताना १८३९ मध्ये त्याचे स्थानिक नावच शास्त्रीय नावात घेतले, आणि आज तो ‘गारा मुल्या’ म्हणून जगभर ओळखला जातो. बोय आणि मळ्या यांचे कूळ एक नव्हे. पण पाणलोटाच्या दोन टोकांना दोघांचा उद्योग मात्र एकच.

‘बोय’ आणि ‘भोई’ यांची सांगड घालण्याचा मोह अनेकांना होतो. पालखी वाहणारा व नदीत मासेमारी करणारा भोई आणि खाडीतला बोय यांत ध्वनिसाम्य आहे खरे. तथापि ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. ‘भोई’चा धागा तेलुगू ‘बोयी’ या पालखीवाहकवाचक शब्दाकडे जातो, माशाकडे नाही.

किनारा आणि घाटमाथा यांचा संबंध किती जुना आहे हे पाहावयाचे तर थळ घाट चढून नाशिकला जावे लागते. तेथील पांडवलेण्यांतील आठवे लेणे ‘दासक’ मुगूदास व त्याचा परिवार यांनी दान दिल्याचा लेख आहे. ‘दासक’ हा शब्द संस्कृत ‘दाश’, म्हणजे धीवर, याच्याशी जोडून सेनार यांनी त्याचा अर्थ कोळी असा केला. प्राकृतात ‘श’ व ‘स’ यांचा भेद मावळत असल्याने केवळ लेखनावरून निर्णय करता येत नाही. परंतु सेवकवाचक ‘दास’ घेतल्यास दात्याच्या ओळखीत फारशी भर पडत नाही, व्यवसायवाचक ‘दाश’ घेतल्यास पडते. शिवाय व्यवसाय सांगून दान नोंदविण्याची रीत या काळच्या लेण्यांत सर्वत्र आहे. सेनार यांचाच अर्थ अधिक ग्राह्य होय. मुगूदासाची जाळी गोदावरीत पडत होती की समुद्रात, हे लेख सांगत नाही. लेणे कोरविण्याइतका पैसा मासळीच्या धंद्यात होता, एवढे मात्र त्यावरून उघड होते.

याच वाटेने पुढे शतकानुशतके मीठ व सुकी मासळी बैलांच्या पाठीवरून घाट चढत राहिली. बोय प्रामुख्याने ताजाच खाल्ला जातो. त्यामुळे कसाऱ्याच्या बाजूला पोहोचले ते सुके बोंबील आणि सुकट. आगोटीच्या खरेदीत, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या साठवणीत, त्यांना मानाचे स्थान असे. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या घरी ताजा मासा येई तो पहिल्या पावसात ओढे चढणाऱ्या वलगणीचा. १ जानेवारी १८६१ रोजी लोहमार्ग कसाऱ्यास पोहोचला आणि घाट ओलांडून इगतपुरीस जाण्यास १ जानेवारी १८६५ उजाडला. मधली चार वर्षे गाडीचा माल कसाऱ्यास उतरून गाड्या-बैलांनी वर जाई. त्यानंतर कसारा हे गाडी थांबण्याचे ठिकाण उरले, माल उतरण्याचे नव्हे.

यापुढचा बदल मासळीचा नसून पाण्याचा आहे. १८९२ मध्ये तानसा तलाव पुरा झाला. स्वातंत्र्यानंतर वैतरणेवरील मोडकसागर, मग भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज मुंबईच्या पिण्याच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसेचे असते. जे पाणी पूर्वी गाळ व पालापाचोळा घेऊन आपल्या पात्राने खाडीत उतरे, त्यातील मोठा हिस्सा आता नळांतून शहरात जातो आणि सांडपाणी होऊन ठाण्याच्या खाडीस मिळतो. सांडपाण्याने शेवाळ वाढते. खाडीतील रोहित पक्ष्यांची वाढती संख्या अभ्यासक काही अंशी याच शेवाळाशी जोडतात. या पक्ष्यांसाठी २०१५ मध्ये तेथे अभयारण्य झाले व २०२२ मध्ये खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रोहित पक्ष्याला लाभलेली ही सुबत्ता बोयला मात्र तशी लाभली नाही, कारण गाळ गिळणारा मासा शेवाळाबरोबर गाळातले सर्व काही गिळतो, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील व उल्हासच्या काठच्या कारखान्यांनी त्या गाळात पुष्कळ काही सोडले आहे. खाडीकाठच्या कोळ्यांची जाळी हलकी होत गेली, ती या दशकांत.

वरच्या टोकाची स्थितीही लक्षात घेण्यासारखी आहे. शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांना चैत्र-वैशाखात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. शेजारच्या तलावांतील पाणी मात्र मोठ्या नळांतून मुंबईकडे चाललेले असते. ज्येष्ठात पहिला पाऊस पडला की याच पाड्यांतील माणसे रात्री दिवे घेऊन वलगणीसाठी ओढ्यावर जातात, आणि त्याच सुमारास खाली खाडीचे पाणी गोडे होऊ लागते.