ग्रामीण लहान शाळेची गुणवत्ता आणि निकालाचे मोजमाप : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
खेड्यातील पाचवी ते सातवीची लहान शाळा चांगली की कमकुवत, हे ठरविताना प्रथम तिचा निकाल विचारला जातो. हे मोजमाप आज स्वाभाविक वाटत असले तरी त्यामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात या इतिहासाचा थोडक्यात आढावा घेण्यात आला आहे.

निकालानुसार अनुदान :
१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षण खाते सुरू झाले. पुढे जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल सेस बसविण्यात आला व त्यातील एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखून ठेवण्यात आला. म्हणजेच खेड्यातील शाळेचा भार प्रामुख्याने शेतकऱ्यावरच होता. इंग्लंडमध्ये १८६२ मध्ये निकालानुसार अनुदानाची पद्धत आली. मुंबई इलाख्यातही त्याच दशकात खाजगी शाळांच्या अनुदानासाठी ती स्वीकारण्यात आली. तपासणीच्या दिवशी किती मुले उत्तीर्ण झाली, यावर शाळेला मिळणारी रक्कम अवलंबून राहू लागली.

महात्मा फुले यांची साक्ष :
१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी या पद्धतीस विरोध केला. ज्या गरीब समाजात शिक्षणाची गोडीच अद्याप निर्माण झालेली नाही, तेथे निकालानुसार अनुदान उपयोगी पडणार नाही. अशा ठिकाणी स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून शिक्षकाचे पोट भरणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. डेप्युटी इन्स्पेक्टरची वर्षातून एकदा होणारी भेट त्यांना अपुरी वाटत होती. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी आणि पूर्वसूचना न देता व्हावी, असे त्यांनी सुचविले. किमान बारा वर्षे वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करण्याची मागणीही त्यांनी केली. फुले यांना तपासणी नको नव्हती. मात्र एका दिवसाच्या निकालावर गरिबांच्या शाळेचे अस्तित्व टांगून ठेवणे त्यांना मान्य नव्हते. पुढे १९०४ च्या शैक्षणिक ठरावाद्वारे सरकारने स्वतःच ही पद्धत सोडून दिली.

फायनलपासून अध्ययन स्तरापर्यंत :
अनुदानाशी असलेला संबंध तुटला तरी निकालाचे महत्त्व टिकून राहिले. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास प्राथमिक शिक्षक वा तलाठी होण्याची वाट मोकळी होत असे. त्यामुळे ‘फायनल पास’ या शब्दांना खेड्यात मोठी प्रतिष्ठा होती. तथापि अनेक गावांत केवळ चौथीपर्यंतच शाळा असे. पुढील वर्गांसाठी मुलांना मोठ्या गावी पायपीट करावी लागे. सुगीच्या काळात गैरहजेरी वाढे आणि मुलींची शाळा लवकर सुटे. परीक्षेपर्यंत न पोहोचलेली ही मुले निकालाच्या टक्केवारीत कोठेच दिसत नसत.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मात्र राज्यांना पाचवी व आठवीत पुन्हा परीक्षेचा मार्ग खुला झाला. दरम्यान, २००५ पासून ‘असर’ सर्वेक्षणाने घरी जाऊन मुलांचे वाचन व गणित तपासण्यास सुरुवात केली. वरच्या वर्गातील अनेक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही वाचता येत नाही, हे त्यातून उघड झाले. उत्तीर्णतेची नोंद आणि प्रत्यक्ष अध्ययन यांतील अंतर त्यामुळे ठळक झाले.

लहान पटाचा प्रश्न :
सातवीत ८ विद्यार्थी असल्यास एकाच्या अपयशाने निकाल १२.५ टक्क्यांनी घसरतो. ८० विद्यार्थी असल्यास ही घट केवळ १.२५ टक्के असते. म्हणून लहान शाळेच्या एका वर्षाच्या टक्केवारीवरून अध्यापनाचा दर्जा ठरविणे युक्त नाही. एकाच शिक्षकाकडे अनेक वर्ग असल्यास प्रत्येक वर्गाच्या वाट्याला येणारा वेळही कमी होतो.

निष्कर्ष :
निकाल हा शाळेचा आरसा मानला गेला. परंतु त्यात अध्यापनाबरोबरच हजेरी, शिक्षकसंख्या, अंतर आणि घरची परिस्थिती यांचेही प्रतिबिंब पडते. लहान शाळांच्या समायोजनाचा विचार होत असताना हा इतिहास लक्षात घेणे आवश्यक ठरते. प्रत्येक मुलाच्या अनेक वर्षांच्या प्रगतीची नोंद आणि वारंवार होणारी मार्गदर्शक तपासणी हाच अधिक न्याय्य मार्ग होय. १८८२ च्या निवेदनाचा रोखही त्याच दिशेने होता.