लेक्सिंग्टनची नार्कोटिक फार्म

'व्यसनमुक्ती' हा शब्द आपण मराठी माणसे फार सहज वापरतो. पुण्याच्या मुक्तांगणमुळे तो घराघरांत पोचला. अनिल अवचटांचे 'गर्द'वरचे लेखन, १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी उभे केलेले केंद्र, त्याला पु. लं.नी दिलेला हात, हे सगळे आपल्यापैकी अनेकांनी इकडे येण्यापूर्वीच वाचलेले असते. म्हणून अमेरिकेतल्या एखाद्या घरातला मुलगा वेदनाशामक गोळ्यांतून हेरॉइनकडे गेल्याचे कळले, की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते: काही आठवडे केंद्रात राहायचे, पदार्थ पुरता सोडायचा आणि पुढे सोबत्यांच्या आधाराने सांभाळायचे. इथला डॉक्टर मात्र मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन सुचवतो. वर म्हणतो, कदाचित अनेक वर्षे घ्यावे लागेल. आईवडील चक्रावतात. एक अफू सोडवायला दुसरी अफू?

प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. या देशाने तो शंभर वर्षे घोळवला आहे, आणि त्याची किंमतही मोजली आहे.

१९१४ च्या हॅरिसन कायद्याने अफूजन्य पदार्थांवर नियंत्रण आले. व्यसनी माणसाला ते नुसते चालू ठेवण्यासाठी लिहून देणे ही वैद्यकी नव्हे, असा अर्थ १९१९ साली सर्वोच्च न्यायालयाने लावला. तेव्हा काही शहरांत असे रुग्ण सांभाळणारे दवाखाने निघाले होते. लुईझियानात श्रीव्हपोर्टला डॉ. विलिस बटलर असाच एक दवाखाना चालवत. १९२३ पर्यंत तोही बंद पाडला गेला. डॉक्टर तुरुंगाच्या भीतीने गप्प बसले आणि रुग्ण सरळ तुरुंगात जाऊ लागले.

तुरुंग भरले, तेव्हा सरकारने १९३५ साली केंटकीत लेक्सिंग्टनजवळ एक भव्य रुग्णालय उघडले. लोक त्याला 'नार्कोटिक फार्म' म्हणत, आणि ती खरोखरच शेती होती. हजारएक एकर जमीन, गाई, दुग्धालय, शिवणखाते. कैदीही तिथे असत आणि आपणहून आलेले लोकही. शहरापासून दूर, मोकळ्या हवेत घाम गाळायचा, मानसोपचारतज्ज्ञाशी बोलायचे, की माणूस बरा होऊन घरी जाईल ही कल्पना. तुम्हाला आश्रमाची आठवण झाली असेल तर नवल नाही. जाझ वाजवणारे इतके कलावंत तिथे येऊन गेले की आतल्या मैफिलींची ख्याती बाहेर पसरली. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स १९५५ मध्ये तिथे गेला आणि हेरॉइन सोडून बाहेर पडला. म्हणजे हा मार्ग फोल होता असे नाही.

पण रोलिन्स अपवाद होता. लेक्सिंग्टनहून न्यूयॉर्कला परतलेल्या जवळजवळ १,९०० रुग्णांचा माग काढून १९६२ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतले ९० टक्क्यांहून अधिक पुन्हा व्यसनात गेले होते, बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच. यातली विसंगती पाहा: याच संस्थेत, शरीराची तडफड शमवण्यासाठी, मेथाडोन दिले जात होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास शोधलेले हे औषध तिथे काही दिवस द्यायचे, हळूहळू कमी करायचे आणि थांबवायचे. ते चालूच ठेवले तर काय होईल, हे तेव्हा कोणी करून पाहिले नाही.

ते पाहिले मारी निस्वांडर या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी. १९४० च्या दशकात त्यांनी लेक्सिंग्टनलाच नोकरी केली होती. १९६४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यांनी व्हिन्सेंट डोल यांच्यासोबत काम सुरू केले. डोल चयापचयाच्या विकारांचे तज्ज्ञ होते. पहिल्या रुग्णांना त्यांनी मॉर्फिन दिले, तर ते टीव्हीपुढे बसून पुढच्या डोसची वाट बघत राहात आणि मात्राही वाढवून मागत. मेथाडोनवर आणल्यावर त्यांच्यातला एक चित्रे काढू लागला, दुसऱ्याला शिक्षण पुरे करावेसे वाटू लागले. दिवसातून एकदा घेतलेले औषध तल्लफ दाबत होते, नशा चढवत नव्हते. १९६५ साली त्यांनी २२ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला आणि तुलना केली ती मधुमेह व इन्शुलिनशी. आपल्या घरांत मधुमेहाचे कौतुक आहेच. पण काकांना 'इन्शुलिनमुक्त' व्हा असे आपण कधी म्हटले आहे का?

त्याच काळात कॅलिफोर्नियात सायनानॉन नावाची वसाहत पूर्ण वर्ज्यतेचा आदर्श म्हणून गाजत होती. पुढे तिचा पंथ झाला. १९७८ साली तिच्याविरुद्ध लढणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत रॅटलस्नेक सोडण्यापर्यंत मजल गेली. तिच्यावरून सगळ्या केंद्रांना जोखणे मात्र अन्यायाचे होईल.

खरी मेख अन्यत्र आहे. पदार्थ सुटला की काही आठवड्यांत शरीराची सहनशक्ती ओसरते. मग घसरलेला माणूस जुन्या सवयीने जुनीच मात्रा घेतो, आणि तीच प्राणघातक ठरते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या एका चाचणीत ४० रुग्णांचे दोन गट केले होते. समुपदेशन दोन्ही गटांना सारखेच. एकाला वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन, दुसऱ्याला ते सहा दिवसांत थांबवून पुढे नुसती साखरेची गोळी. वर्षअखेर पहिल्या गटातले तीन चतुर्थांश रुग्ण उपचारात टिकून होते, दुसऱ्यातला एकही नाही. दुसऱ्या गटातले चौघे मरण पावले होते. पहिल्यातले कोणी नाही.

म्हणून मला वाटते, दारूसाठी जे चित्र आपण मनात धरतो ते ओपिऑइडला जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. ऐंशीच्या दशकातला पुण्यामुंबईतला गर्दही मुख्यतः ओढला जाई. आज इथल्या रस्त्यावर मिळते ते फेंटॅनिल, ज्यात चुकीला जागाच नाही. २०२१ साली अमेरिकेत एक लाखाहून अधिक लोक ओव्हरडोसने गेले, त्यांतले सुमारे ८०,००० ओपिऑइडमुळे.

औषधाचीही कटकट कमी नाही. मेथाडोनसाठी सुरुवातीला रोज सकाळी दवाखान्याच्या रांगेत उभे राहावे लागते. रुग्ण त्याला 'पातळ बेड्या' म्हणतात ते उगाच नाही. मात्रा चुकली तर मेथाडोननेही माणूस दगावतो. आणि औषध थांबवले की बरेचजण पुन्हा घसरतात. केंद्रातली सोबत, दिनक्रम, पुन्हा उभे राहण्याची हिंमत हे गोळीतून मिळत नाही. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी का मानायच्या? अनेक केंद्रे औषध घेणाऱ्याला 'अजून स्वच्छ नाही' म्हणून दारातूनच परत पाठवतात. मुलासाठी जागा शोधत असाल तर हा प्रश्न फोनवरच विचारून घ्या.

ब्युप्रेनॉर्फिनला अमेरिकेत २००२ साली या कामासाठी मान्यता मिळाली, पण ते लिहून देण्यासाठी डॉक्टरला वेगळी परवानगी लागे. ऑक्सिकोंटिन लिहायला अशी अट नव्हती! २०२२ च्या डिसेंबरात ही परवानगी रद्द झाली. आता ओपिऑइड लिहून देण्याचा नेहमीचा परवाना असलेला कोणीही डॉक्टर ते देऊ शकतो, अगदी तुमच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला भेटणारे फॅमिली डॉक्टरसुद्धा.