चांभार गेला, श्री आला

गावाला नाव कोण देतं? ज्याच्या हातात दप्तर आहे तो. मग तो सुलतान असो, कुलकर्णी असो, मामलेदार असो नाहीतर मंत्रालयातला सचिव. ते नाव पत्त्यात घालून जन्मभर जगणाऱ्याला कुणी विचारत नाही. या नजरेनं एकदा नगर जिल्ह्याकडं बघा.

मलिक अहमद निजामशहानं १४९० साली भिंगारजवळ बहामनी फौजेचा मोड केला आणि त्याच भागात, सीना नदीकाठी शहर वसवलं. स्वतःचं नाव दिलं. अहमदनगर. या अहमदचा बाप मलिक हसन मूळचा ब्राह्मण, पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यातला, असं फेरिश्ता लिहून गेलाय. लोकांनी मात्र शतकानुशतकं नुसत्या 'नगर'वर भागवलं. अहमद कागदावर राहिला. पुढं ३१ मे २०२३ ला चोंडीत नामांतराची घोषणा झाली, मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं मंजुरी दिली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जिल्हा अहिल्यानगर झाला. चोंडीच्या धनगराच्या घरात १७२५ साली जन्मलेल्या बाईचं नाव जिल्ह्याला मिळालं, ही गोष्ट लहान नाही. तिला हिणवायचं काम आपलं नाही. पण नाव बदलून इतिहास शुद्ध होतो असं कुणी सांगत असेल, तर त्याला लोणी बुद्रुक आणि लोणी खुर्दला घेऊन जा. बुद्रुक म्हंजे फारसी 'बुजुर्ग', थोरलं. खुर्द म्हंजे धाकटं, तेही फारसीच. गावोगावच्या पाटीवर फारसी बसलीय आणि ती कुणाला टोचत नाही. कारण ती कुणाची आहे हेच लोक विसरलेत.

आता मुद्द्याचं गाव घेऊ. श्रीगोंदा. जुन्या मराठी कागदांत या गावाचं नाव चांभारगोंदे असं येतं. १८८४ च्या सरकारी गॅझेटियरात दोन्ही नावं आहेत आणि कारणही दिलंय. गोविंद नावाचा एक भक्त चांभार होता, त्याच्यावरून चांभारगोंदा. म्हंजे ज्याच्या सावलीचा विटाळ मानला, त्याच्या नावानं अख्खी पेठ ओळखली जात होती. याच गावात शेख महंमद राहिला, मुसलमान असून मराठीत 'योगसंग्राम' लिहिणारा. चांभाराच्या नावाचं गाव आणि मुसलमान संताचा मठ! महाराष्ट्राचा हाही इतिहास आहे, पण शाळेच्या पुस्तकात तो शोधून सापडत नाही.

मग काय झालं? तालुका झाला श्रीगोंदा, आणि चांभार 'दुसरं नाव' म्हणून बाजूला गेला. गोंदा राहिला, त्याची जात गेली, जातीच्या जागी 'श्री' आला. ऐकायला बरं वाटतं. पण गोविंदाला श्री मिळाला म्हणून त्याच्या जातभाईंना गावच्या पाणवठ्यावर जागा मिळाली काय? नाव सोवळं झालं, गाव सोवळं होतंच. मधल्यामधे एका चांभाराच्या थोरवीचा पुरावा पुसला गेला.

इथं कुणी विचारील, जातीचं नाव गेलं तर तुम्हाला दुःख कशाचं? डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं ठरवलंच की, महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा असली वस्त्यांची नावं काढायची आणि त्या जागी समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावं द्यायची. मग चांभारगोंद्याचाच गळा का काढता?

मित्रांनो, फरक ओळखा. महारवाडा हे नाव आपण घेतलेलं नव्हतं. ते वेशीबाहेरून आपल्यावर मारलेला शिक्का होतं. माणसाला हात न लावता त्याची जागा दाखवायची सोय होती ती. तो शिक्का पुसलाच पाहिजे. चांभारगोंदा मात्र शिक्का नव्हता. तिथं एका माणसाची याद होती. शिक्का पुसणं म्हंजे सुटका. याद पुसणं म्हंजे चोरी. दोन्हीला 'नामांतर' हाच शब्द वापरतात म्हणून गोंधळ होतो.

नावाची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. पोचीराम कांबळे गेले. सोळा वर्षं लढून १४ जानेवारी १९९४ ला जे मिळालं, त्यालाही नामांतर नव्हे तर 'नामविस्तार' म्हणायची पाळी आली. पूर्वी गावच्या शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष घेत. शीव कुठून कुठं जाते, कुठला दगड कुणाचा, त्याला ठाऊक. जमिनीचं नावगाव ज्याच्या तोंडपाठ, त्याचंच नाव दप्तरात नीट येत नव्हतं.

आणि नुसत्या नावावर खूश व्हायचंही कारण नाही. श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव घ्या. डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेबांनी तिथं महार वतनदारांच्या परिषदेत वतनाच्या गुलामीवर घाव घातला. त्याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून दलित पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं. चोंडी जामखेड तालुक्यात, आणि खर्डाही जामखेड तालुक्यातच. एप्रिल २०१४ मध्ये खर्ड्यात शाळकरी दलित पोराचा जीव घेतला, आणि २०१७ साली कोर्टातून सगळे आरोपी निर्दोष सुटले. जिल्ह्याची पाटी बदलली, या दोन गावांचा हिशेब अजून बाकी आहे.

तेव्हा कामाचं बोलू. आपापल्या गावची घरपट्टीची पावती काढा, मतदारयादी काढा, शाळेचा दाखला बघा. वस्तीचं जुनं नाव अजून तिथं बसलं असेल तर ग्रामसभेत उभं राहून ते काढायला लावा. नवं नाव वस्तीतल्या लोकांनी ठरवावं, सरपंचानं नव्हे. आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडं बसून विहिरीची, माळाची, ओढ्याची, पांदीची नावं लिहून घ्या. त्यात कुठं एखादा गोविंद दडलेला असेल. तो दप्तरात जाण्याआधी आपल्या वहीत आला पाहिजे.