पंडिता रमाबाई
(२३ एप्रिल १८५८–५ एप्रिल १९२२). संस्कृत विदुषी व ख्रिस्ती धर्मसेविका. पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये निवर्तल्यावर कन्या मनोरमेसह त्या इंग्लंडला गेल्या व तेथेच १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. अमेरिकेत जमलेल्या वर्गणीच्या आधारे ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीनजीक शारदासदन उघडले; स्वतः धर्मांतरित असूनही तेथील बालविधवांना आपापले सोवळेओवळे व व्रतवैकल्ये पाळण्याची त्यांनी दिलेली मुभा त्यांच्या औदार्याची थोर साक्ष होय. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी गोदूबाई येथीलच विद्यार्थिनी. पुढे सदन पुण्यास हलले. दुष्काळपीडित निराधार मुलींसाठी केडगावी उभारलेल्या मुक्तिसदनात मात्र उघड धर्मशिक्षण होते. तेथेच त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध केले.